माणूस येतंय

मुलाणी मॅडमना माणसांची नावं लक्षात राहत नसत. सगळी हयात शिकवण्यात गेली, तरी एखाद्या विद्यार्थ्याला त्याच्या नावानं हाक मारताना मी त्यांना क्वचितच ऐकलं. त्या गावाच्या नावानं हाक मारायच्या. "ए तारळे, इकडं ये." "मल्हारपेठ, बाकावरचे पाय खाली घे." "चाफळ कुठं गेलं आज?" कॉलेजच्या पोर्चमध्ये उभ्या राहून त्या अशा हाका मारायला लागल्या की नव्या माणसाला वाटावं, बाई एस.टी.च्या कंट्रोलर आहेत आणि फलाटावर कुठली गाडी लागलीय ते सांगताहेत. विषय भूगोल असल्यामुळे ते त्यांना शोभूनही दिसायचं.

मला त्या कायम "सातारा" म्हणायच्या. चारचौघांत "सातारा सर". मी रागावलो नाही, कारण प्राचार्यांनाही त्या त्यांच्या माघारी "कोरेगाव" म्हणायच्या, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.

कऱ्हाडच्या त्या कॉलेजात मी लागलो तो तासिका तत्त्वावर. बाहेरच्या माणसाला हा शब्द कळत नाही. तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक म्हणजे ज्याला शिकवायला वर्ग असतो पण स्टाफरूममध्ये बसायला खुर्ची नसते असा प्राध्यापक. कायम नोकरीतले लोक त्याच्याशी वाईट वागतात असं नाही. ते त्याच्याशी वागतच नाहीत. पुढच्या वर्षी असेल-नसेल, ओळख कशाला वाढवायची, असा सगळा हिशोब.

पहिल्या दिवशी मी स्टाफरूममध्ये गेलो तेव्हा प्रत्येक खुर्ची कुणाची तरी होती. रिकामी असली तरी पाठीवर टॉवेल नाहीतर बाजूला छत्री टांगलेली. मी नोटीसबोर्डापाशी गेलो आणि तिथला मागच्या वर्षीचा परीक्षेचा कागद फार मन लावून वाचू लागलो. कोपऱ्यातल्या एका खुर्चीवर मोठा चौकड्यांचा पुरुषी रुमाल पसरलेला होता. गणिताचे जाधव सर आपली बॅग तिथं ठेवायला गेले, तर शेजारून आवाज आला.

"जाधव सर, माणूस येतंय हितं."

"कोण येतंय?"

"ते आलं की कळंल."

जाधव सरांनी बॅग खाली ठेवली. बोलणाऱ्या बाई पन्नाशी ओलांडलेल्या, चष्म्याला गोफ लावलेल्या, साडीचा पदर खांद्यावर पिनेनं पक्का केलेल्या. त्यांनी माझ्याकडं चष्म्यावरून पाहिलं. "अवो नवीन सर, त्यो कागद मागल्या साली बी तिथंच हुता. बसा की. तुमचीच जागा हाय." आणि रुमाल उचलून, झटकून, घडी घालून पर्समध्ये टाकला.

मी बसलो. पुढं बऱ्याच दिवसांनी त्यांना विचारलं, मी रुजू होणार हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं? तर म्हणाल्या, "मला कुठं म्हाईत हुतं? जून-जुलै म्हणलं की कोण तरी येतंयच." त्या खुर्चीवर मी पुढं इतकी वर्षं बसलो. अजून बसतो.

तर हा रुमाल. एस.टी.नं प्रवास केलेल्या माणसाला तो समजावून सांगायला नको. गाडी फलाटाला लागायच्या आधीच धावत जाऊन खिडकीतून आत रुमाल टाकायचा, की ती जागा आपली. मग भले मागून निवांत चढा. या रुमालाला आमच्याकडं सातबाऱ्यापेक्षा जास्त मान आहे. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून गाड्यांना गर्दी इतकी, की रुमाल टाकणं हीच एक विद्या होऊन बसली आहे. मॅडम उंब्रजच्या. त्यांच्या मिस्टरांचं तिथल्या बाजारात भांड्यांचं दुकान. रोज उंब्रजहून कऱ्हाडला एस.टी.नं यायच्या आणि एस.टी.नं जायच्या. घरात चारचाकी होती, पण ती दुकानाची, असं म्हणायच्या.

नव्या पोरांना कॉलेजात आपलं कसं वाटावं, यावर आमच्याकडं दरवर्षी मीटिंग होते. त्यात प्रोजेक्टर असतो. मॅडमचं म्हणणं एवढंच होतं की कॉलेज वर्गात सुरू होत नाही, गाडीत सुरू होतं. त्या नव्या पोराला पहिलं विचारायच्या, "गाव कुठलं?" दुसरं, "गाडी कंची?" नाव कधी विचारलंच तर शेवटी, आणि ते विसरायच्या. मग त्याच गाडीला जाणारं दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचं कुणीतरी हुडकून काढायच्या आणि त्याला सांगायच्या, "ह्येच्यासाठी जागा धरायची. दिवाळीपत्तोर. मग ह्यो त्याची त्यो धरील." मुलींना तर ताकीद असायची की रुमाल पुरुषी, मोठा पाहिजे. "बायकांच्या रुमालानं जागा धरता येत न्हाई. येवढंसं फडकं बघून कुणी बी उचलून खाली टाकतंय." आमच्या कॉलेजच्या मुलींच्या दप्तरात बापाचे नाहीतर भावाचे रुमाल का असतात, हा प्रश्न बाहेरच्या एका पाहुण्या बाईंनी मला विचारला होता. मी सांगितलं, तो आमच्या अभ्यासक्रमाचा भाग आहे.

हे कुठून शिकलात, असं विचारलं की मॅडम हसायच्या. "यष्टीनं जाणाऱ्याला हे शिकवायला लागतंय व्हय?"

त्यांच्या पर्समध्ये कायम भाजलेले शेंगदाणे असायचे. ते देण्याचीही एक पद्धत होती. घोळक्यात सगळ्यांत गप्प कोण, ते बघायच्या, सगळे शेंगदाणे त्याच्याच ओंजळीत ओतायच्या आणि म्हणायच्या, "त्यास्नी बी दे." बिचाऱ्याला काही इलाज नसायचा. ओंजळ भरलेली, खाली ठेवता येत नाही, एकट्यानं खाणं बरं दिसत नाही. मग तो एकेकापुढं जायचा. देणाऱ्याशी कोण बोलणार नाही? मी एकदा म्हटलं, मॅडम, तुम्हीच सगळ्यांना वाटा की. तर म्हणाल्या, "मी वाटले तर पोरं मला थँक्यू म्हणत्यात. मला थँक्यू करायचंय काय?"

प्राचार्यांना स्वागत समारंभाची हौस होती. दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांचं गुलाबाचं फूल देऊन स्वागत, एक पाहुणे, दोन भाषणं आणि शेवटी वडापाव. नवी पोरं हॉलमध्ये पुतळ्यासारखी बसायची, फूल हातात धरून. फुलाचं पुढं काय करायचं ते कुणालाच माहीत नसायचं. एका वर्षी समारंभाची जबाबदारी मॅडमकडं आली. पाहुणे वेळेवर आले, हे आमच्या भागात फारसं घडत नाही. ते हॉलच्या दारात उभे, आणि आत एकही खुर्ची मांडलेली नाही. दोन-अडीचशे नवी पोरं-पोरी जिन्यावरून खुर्च्या वाहत होती, कुणी सतरंजी झटकत होतं, कुणी माइकची वायर ओढत होतं, आणि एक मुलगी टेबलावर चढून बॅनरचं एक टोक बांधत "अजून वर, अजून वर" म्हणून ओरडत होती. प्राचार्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"मुलाणी मॅडम, हे काय? हे सकाळीच व्हायला पाहिजे होतं. आणि मुलांना कामाला लावलंत? त्यांचाच सत्कार आहे."

"सर, सत्कार पाव्हण्यांचा असतोय," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "ही पोरं पाव्हणी न्हाईत. घरात नवी सून आली तर तिला कोचावर बसवून ठिवतो व्हय आपण? चा टाकाय लावतो. मग तिला डबा कुठं, साखर कुठं कळतं." आणि वळून त्यांनी टेबलावरच्या मुलीला हाक मारली, "ए ढेबेवाडी, सावकाश उतर."

पाहुण्यांना बाहेर बाकावर बसवून आधी चहा द्यावा लागला. तो चहाही नव्या पोरांनीच आणला. त्या वर्षी समारंभ उशिरा झाला, भाषणं निम्मी झाली आणि वडापाव संपल्यावरही हॉलमधली गर्दी हलेना. पोरं नुसती बोलत उभी होती. प्राचार्यांनी पुढच्या वर्षी जबाबदारी दुसऱ्याकडं दिली, ही गोष्ट वेगळी.

एकदा त्यांच्या वर्गात कोयनानगरचा एक मुलगा होता. धरणाच्या कॉलनीत वाढलेला, कुणाशी बोलायचा नाही. वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप होता, त्यात सगळे फक्त सकाळी सुविचार टाकायचे, तेवढाही हा टाकायचा नाही. एका दुपारी मॅडमचा तास चालू असताना भूकंपाचा हलका धक्का बसला. खिडक्यांची तावदानं वाजली. सगळा वर्ग किंचाळत मैदानात. हा गडी जागेवर. मॅडम दारात उभ्या राहून बघत होत्या. त्या मैदानात गेल्या आणि थरथरणाऱ्या पोरांना म्हणाल्या, "मला काय इचारू नका. मी पुस्तकातलं सांगीन. आत कोयनानगर बसलंय, त्याला इचारा." पोरं आत गेली, त्याच्याभोवती कोंडाळं करून बसली. त्यानं सांगितलं की बारका धक्का कसा ओळखायचा, रात्री अंथरूण हललं तर आई काय करते, शाळेत बाकाखाली बसायची सवय कशी झाली. तो अर्धा तास बोलला. पोरांनी त्याचं नाव 'रिश्टर' ठेवलं. मॅडमनी त्याला बाजूला घेऊन विचारलं, "नाव आवडतंय का रं? न्हाई तर मी बंद करते." तो म्हणाला, "असू दे मॅडम. मला पहिल्यांदाच कुणी नाव ठेवलंय."

पण मला सांगायची आहे ती गोष्ट जांभळवाडीच्या दोन मुलींची. कारण तिथं मॅडमचं चुकलं, आणि त्या चुकीवर एका मुलीचं सगळं शिक्षण टांगलं गेलं होतं.

जांभळवाडी पाटण रस्त्याला आत. तिथली स्नेहल शिंदे दुसऱ्या वर्षाला होती. त्या जुलैत अश्विनी शिंदे पहिल्या वर्षाला आली. एक गाव, एक आडनाव, एक गाडी. मॅडमना इतका आनंद झालेला मी क्वचित पाहिला. "बघा सातारा सर, पोरीला घरचंच माणूस मिळालं." स्नेहलला त्यांनी सांगितलं, संध्याकाळच्या पाटण गाडीत अश्विनीसाठी जागा धरायची. पहिल्या वर्षाचं प्रॅक्टिकल उशिरा सुटायचं, स्नेहल स्टँडवर आधी पोचायची. स्नेहलनं मान डोलावली. अश्विनी काही बोलली नाही. नवी मुलगी, बोलत नाही, यात मॅडमना वावगं काय दिसणार?

आठवड्यानंतर मॅडम पोर्चमधून आल्या आणि खुर्चीत बसता बसता म्हणाल्या, "जांभळवाडी दोन पायजेत, एकच दिसतीय." स्नेहलला बोलावलं. ती आली, खाली बघत उभी राहिली.

"अश्विनी कुठाय गं?"

"तिचं कॉलेज बंद केलं मॅडम."

"का?"

"आमचं त्यांचं बोलणं न्हाई."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दोघी भावकीतल्या. सामाईक विहीर, उसाला पाणी द्यायच्या पाळीवरून भांडण, ते कोर्टात गेलेलं. दोन्ही घरांत लग्नकार्याला जाणं-येणं नाही, एकमेकांच्या हातचं पाणी नाही. पहिल्याच संध्याकाळी दोघी गाडीत शेजारी शेजारी बसलेल्या गावातल्या कुणीतरी पाहिल्या आणि गाडी पोचायच्या आत फोन पोचला. अश्विनीचे वडील लष्करात, तिकडं लांब. घरात आजोबांचा शब्द चालायचा. ते म्हणाले, त्यांच्या पोरीच्या रुमालावर आपली पोरगी बसायची नाही. त्या वेळेला दुसरी गाडी नाही. मग कॉलेजच नको. बारावी झाली, पुष्कळ झालं, आता स्थळं बघू.

"आन् हे तू मला पहिल्या दिवशी का न्हाई सांगितलंस?" मॅडम म्हणाल्या.

"तुमी जागा धर म्हणाला. बोल म्हणाला न्हाई," स्नेहल म्हणाली. "जागा धरायला बोलावं लागत न्हाई."

मॅडमनी तिला वर्गात पाठवलं. मग मला म्हणाल्या, "सर, मी गाव बघितलं, भावकी बघितली न्हाई. आमच्या बाजारपेठेत शेजारी दुकान म्हंजे शेजारी. शेतातलं शेजार येगळं असतंय, हे माझ्या ध्यानात आलं न्हाई." आणि पर्स उचलत म्हणाल्या, "चला. आजच्या गाडीनं जाऊ." मी बरोबर कशाला, असं विचारलं तर म्हणाल्या, म्हाताऱ्या माणसाशी बोलायचंय, पुरुष माणूस असलेलं बरं. त्या दिवशी मी पुरुष माणूस म्हणून एवढंच काम केलं की त्यांची पर्स धरली.

पाटण गाडी खचाखच भरली होती. आम्ही चढलो, कसेबसे मध्यापर्यंत सरकलो, आणि बघतो तर डाव्या बाजूला खिडकीपाशी स्नेहल बसलेली. शेजारची जागा रिकामी. तिच्यावर मोठा निळा पुरुषी रुमाल. एक बाई तिच्याशी भांडत होती, लोक उभ्यानं चाललेत आणि तू जागा अडवून बसलीस व्हय गं. स्नेहल तिच्याकडं न बघता म्हणत होती, "माणूस येतंय."

अश्विनी येणार नाही, हे त्या गाडीत सगळ्यांत जास्त कुणाला माहीत असेल तर तिलाच. कंडक्टर मॅडमकडं बघून म्हणाला, "रोज असंच चाललंय बघा ह्या पोरीचं. कुणाला टेकू देत न्हाई."

मॅडम तिच्यापाशी वाकल्या. "अगं, ती येत न्हाई म्हणून सांगितलंस नव्हं?"

"तुमी धरू नको म्हणाला न्हाई मॅडम," स्नेहल म्हणाली, आणि मग तिचा आवाज बदलला. "ती माझ्यामुळं बंद झाली. मी काय तिच्या घरी जाऊन बोलू शकत न्हाई. येवढंच करू शकते."

तिनं रुमाल उचलला आणि जागा मॅडमना दिली. मॅडमनी रुमाल तिच्या हातातून घेतला आणि परत त्या सीटवर नीट पसरला. "न्हाई," म्हणाल्या. "ती अश्विनीची जागा हाय." आणि गुडघ्याचं दुखणं असलेली ती बाई वरची दांडी धरून, वळणावळणांच्या रस्त्यानं हेलकावे खात, जांभळवाडीच्या फाट्यापर्यंत उभी राहून आली. मीही उभाच होतो.

अश्विनीच्या घरी आजोबा अंगणात बाजेवर बसले होते. त्यांना सगळे तात्या म्हणत. आम्हाला बघून ते उठले, आतून खुर्च्या आणायला लावल्या, पाणी आलं. मुलगी दाराआड. आई चौकटीशी.

"आवं मॅडम, तुमी कशाला तरास घेतला," तात्या म्हणाले. "तुमचा आमाला मान हाय. पन त्या घराचं आन् आमचं लय वर्सांचं हाय. ते तुमाला न्हाई कळायचं."

"बरोबर हाय तात्या. मला न्हाई कळलं, म्हणून तर आले. चूक माझी. पोरीची न्हाई, तुमची न्हाई, त्या घराची बी न्हाई. मी इचारायला पायजे हुतं."

तात्यांना वादाची तयारी होती. माफीची नव्हती. ते जरा चुळबुळले. "मंग झालं तर. आता सोडा."

"सोडते. तुमचं भांडण मिटवायला मी आले न्हाई. विहीर तुमची, कोर्ट तुमचं. बोलू बी नका एकमेकांशी. मला फकस्त येक सांगा. गाडी कुणाची हाय?"

"गाडी? यष्टीची."

"मंग गाडीतली जागा?"

तात्यांनी पाण्याचा तांब्या बाजूला सरकवला. मग म्हणाले, "पन रुमाल त्या घरचा. आज रुमाल टाकत्यात, उद्या गावात सांगतील, आमी जागा दिली म्हून त्यांची पोरगी शिकली. आन् त्यास्नी काय गरज पडलीय आमच्या पोरीची? दोन दिस धरतील, सोडून देतील."

"तात्या," मॅडम म्हणाल्या, "मी आत्ता कऱ्हाडपासनं उभी राहून आलीय. गुडघा बघा कसा झालाय. तुमच्या नातीची जागा मोकळी हुती. ती पोरगी कुणाला बसू देत न्हाई. मला दिली, मी बसले न्हाई."

चौकटीतून अश्विनीची आई हळूच म्हणाली, "व्हय मामाजी. फाट्यावरची म्हातारी बी सांगत हुती. ती पोर रोज लोकांची बोलणी खाती, म्हंती माणूस येतंय."

तात्या अंगणातल्या कोंबड्यांकडं बघत राहिले. मला वाटलं, आता उठून आत जातील. मग त्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवला.

"त्या घरात असलं पोर हाय व्हय," असं ते स्वतःशीच म्हणाले. आणि मग मोठ्यानं, "बसू दे. पन बोलायचं न्हाई."

"न्हाई बोलायच्या," मॅडम म्हणाल्या. "मी त्यांना सांगते." दाराआड अश्विनी रडत होती, ते मला ऐकू येत होतं. मॅडमनी तिला बाहेर बोलावलं, पर्स माझ्याकडून मागून घेतली आणि शेंगदाणे तिच्या ओंजळीत ओतले. "तात्यांस्नी बी दे," म्हणाल्या.

परत येताना फाट्यावर वडाप मिळालं, जीपच्या मागच्या फळीवर दाटीवाटीनं बसून आलो. मॅडम सगळा रस्ता गुडघा चोळत होत्या. मी म्हणालो, जिंकलात मॅडम. तर जरा रागावल्याच. "जिंकायला काय कुस्ती हुती? उद्या ती गाडीत दिसली म्हंजे झालं."

दुसऱ्या दिवशी दिसली. आणि त्या दोघींनी तात्यांचा शब्द पाळला. दिवाळी झाली, थंडी गेली, उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ते भरले, आणि रोज संध्याकाळी स्नेहल खिडकीतून निळा रुमाल टाकायची, अश्विनी येऊन बसायची, आणि जांभळवाडीपर्यंत दोघी शेजारी शेजारी एक अक्षर न बोलता जायच्या. मॅडम मला म्हणायच्या, हे बोलण्यापेक्षा अवघड असणार. पुढं स्नेहलनंच मला सांगितलं की पहिलं बोलणं कधी झालं ते. परीक्षेच्या दिवसांत अश्विनीला गाडीत झोप लागली आणि तिचं डोकं स्नेहलच्या खांद्यावर आलं. फाटा आला. आता हलवायचं की हाक मारायची? स्नेहल म्हणाली, "ऊठ, गाव आलं." अश्विनी उठली आणि म्हणाली, "व्हय." एवढंच. घरी दोघींनी सांगितलं नाही. विहिरीचा दावा अजून चालू आहे. अश्विनी आता शेवटच्या वर्षाला आहे, आणि पाटण गाडीत मल्हारपेठच्या एका नव्या मुलीसाठी रोज रुमाल टाकते. रुमाल निळाच आहे. स्नेहल जाताना तिला देऊन गेली.

मॅडम निवृत्त झाल्या. निरोप समारंभ त्यांनी करू दिला नाही, सत्कार पाव्हण्यांचा असतोय म्हणाल्या. मिस्टर त्याआधीच वारले होते, दुकान पुतण्याकडं गेलं, आणि मुलगा सांगलीला असल्यामुळे त्या सांगलीला राहायला गेल्या. मला त्याचं वाईट वाटलं. अधूनमधून फोन करायचो. मुलगा-सून चांगले होते, घर चांगलं होतं. एकदा मात्र म्हणाल्या, "हितं लिफ्टमध्ये माणसं भेटत्यात, पण कोण गाव इचारत न्हाई ओ सातारा." आवाज नेहमीसारखाच होता, पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. ज्या बाईनं आम्हा सगळ्यांसाठी जागा धरली, तिच्यासाठी त्या शहरात कोण धरणार? भेटायला जायचं, जायचं म्हणत राहिलो.

या जुलैत पेपर तपासणीच्या कामाला सांगलीला गेलो. काम आटोपून संध्याकाळी त्यांच्याकडं जायचं ठरवलं होतं. दुपारी स्टँडवर चहा घेत उभा होतो आणि समोर मिरजेची गाडी लागली होती. तिच्या खिडकीत मुलाणी मॅडम. तोच गोफ लावलेला चष्मा. शेजारच्या सीटवर चौकड्यांचा रुमाल. गाडी भरत आली होती. हातात भाजीची पिशवी असलेला एक मध्यमवयीन माणूस त्या सीटपाशी थांबला आणि काहीतरी म्हणाला. मॅडमनी मान हलवली. त्यांचे ओठ मला दिसले आणि शब्द ऐकायची गरज पडली नाही. तो माणूस वैतागून दांडी धरून उभा राहिला.

कोण येणार असेल, सून की नातू, असं मला वाटलं. मी चहाचा कप ठेवून निघालो, तेवढ्यात गाडी सुरू झाली. दार लागता लागता एक मुलगी पळत येऊन चढली. खांद्याला कोरं दप्तर, गळ्यात नवीन ओळखपत्र, चेहरा गोंधळलेला. तिनं पुढं पाहिलं, मागं पाहिलं. मॅडमनी ती पायऱ्या चढून वर येईपर्यंत तिच्याकडं पाहिलं आणि रुमाल उचलला. झटकला. घडी घातली. मुलगी बसली. मॅडम तिला काहीतरी विचारत होत्या, ती सांगत होती. दोघी एकमेकींना ओळखत नव्हत्या, हे इतक्या लांबूनही दिसत होतं.

मी हात वर केला, हाक मारणार होतो. मारली नाही. गाडी वळण घेऊन माझ्या अगदी समोरून गेली, तेव्हा ती मुलगी आपली भरलेली ओंजळ वर करून त्या पिशवीवाल्या माणसापुढं धरत होती, आणि तो पिशवी मनगटात अडकवून हात पुढं करत होता.